सिहोऱ्याचे बावीस डोळे

"दीदी, मी काहीच केलं नाही. आपोआप झालं."

सव्वीस वर्षांच्या नोकरीत हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की शेवटी शेवटी मला ते 'नमस्कार'सारखं वाटायला लागलं होतं. कीबोर्डमधून चहा ठिबकत असायचा आणि समोरचा माणूस, रिकामा कप हातात धरून, हेच म्हणायचा. मीही मान डोलवायची. या धंद्यात आरोपीशी वाद घालायचा नसतो. त्याला बसवायचं, पाणी द्यायचं आणि हळूच विचारायचं, "बरं, आपोआप व्हायच्या आधी तुम्ही काय करत होता?"

जबलपूरच्या एका धर्मादाय डोळ्यांच्या दवाखान्यात मी कंप्यूटर सांभाळायची. सासूबाई लग्नकार्यात "आमची सून डोळ्यांच्या दवाखान्यात आहे" एवढंच सांगत; पुढचं त्यांना सांगता येत नसे. मग ऐन पंगतीत एखादी बाई माझ्यापुढे डोळा फाकवून उभी राहायची. "जरा पाहा ना, सकाळपासून टोचून राहिलं." मी पाहायचीसुद्धा. एकदा तर खरंच पापणीचा केस निघाला.

आता निवृत्त झाल्यावर लोक विचारतात, तुमच्या कामात सांगण्यासारखं काय असणार? तर एक सकाळ सांगते. आठवली की अजूनही हसू फुटतं.

आमच्या दवाखान्याचं एक छोटं केंद्र सिहोऱ्याला होतं. आसपासच्या खेड्यांतली म्हातारी माणसं तिथे येऊन मोतीबिंदू तपासून घेत. ज्यांचं ऑपरेशन ठरे, ती रात्री तिथेच मुक्काम करत आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आमची बस त्यांना जबलपूरला आणत असे. या केंद्राचे सर्वेसर्वा होते मनोहरभाऊ. मूळचे वर्धेकडचे, वयाने माझ्यापेक्षा मोठे, पण जबलपुरी रिवाजाने मला दीदी म्हणत. टॉर्च तिरका धरून एकदा डोळ्यात पाहिलं की मोतीबिंदू किती पिकला ते सांगायचे, आणि डॉक्टरांनी मशीनवर तपासलं तरी तेच निघायचं. असा हा माणूस कंप्यूटरसमोर बसला की मात्र पहिल्या दिवशी शाळेत आलेल्या पोरासारखा घामाघूम व्हायचा.

सिहोऱ्याचा कंप्यूटर जुना होता. नवीन काहीही त्याला झेपत नव्हतं, म्हणून मी त्यावर लिनक्स टाकलं होतं, तेही चित्रं-बित्रं नसलेलं. काळा पडदा, त्यावर एक ओळ, ओळीच्या शेवटी लुकलुकणारी खूण. या ओळीला प्रॉम्प्ट म्हणतात. तिथे कंप्यूटर तुमची वाट पाहत थांबलेला असतो. तुम्ही आज्ञा लिहायची, एंटर दाबायचं, की तो कामाला लागतो.

मनोहरभाऊंना मी जेमतेम चार आज्ञा शिकवल्या होत्या. त्यांची आवडती होती 'कॅट'. "भाऊ, कॅट लिहायचं, पुढे फाईलचं नाव लिहायचं. फाईल कुठलीही असो, मांजर ती उचलून तुमच्यासमोर आणून ठेवते." ही उपमा मला फारच जमली होती, म्हणून मी ती दोनदा सांगितली. 'कुठलीही' या शब्दावर दोन्ही वेळा जोर दिला. याच धड्यात मी त्यांना आणखी एक गोष्ट ठासून सांगितली होती. "भाऊ, कंप्यूटर चुकत नसतो. माणूस चुकतो." आणि एवढ्यावर न थांबता मी केंद्रातली कागदाची वहीसुद्धा बंद केली. पेशंटचं नाव, टोकन नंबर, कुठला डोळा, त्यात बसवायच्या भिंगाचा नंबर, सगळं फक्त कंप्यूटरमधल्या एका इंग्रजी यादीत. रोज सकाळी ती यादी इंटरनेटवरून माझ्याकडे यायची. दवाखान्यात माझं कौतुक झालं होतं.

त्या दिवशी साडेआठला मनोहरभाऊंचा फोन आला.

"दीदी, इंटरनेट बंद आहे. कुठेतरी केबल तुटली म्हणून राहिले. यादी पाठवता येत नाही. मी वाचतो, तुम्ही लिहून घ्या."

"सांगा."

"अन् एक गोष्ट. पडद्यावर जरा गडबड आहे. पण चिंता नाही, मी लावलं सगळं बरोबर. पेशंटच्या कपाळावर पट्ट्यापण लावून टाकल्या. बस निघूनच राहिली."

पट्टी म्हणजे काय ते सांगायला हवं. ज्या डोळ्याचं ऑपरेशन, त्या बाजूच्या भुवईवर चिकटपट्टीचा तुकडा लावतात. पट्टी बघून बाहुली मोठी करायचे थेंब घालतात, पट्टी बघूनच पेशंट आत घेतात.

मी लिहायला लागले. "टोकन एक, राइट, साडेएकवीस. टोकन दोन, राइट, बावीस. टोकन तीन, लेफ्ट, वीस." मनोहरभाऊ झकास वाचत होते. सातव्या टोकनला फोनमध्ये मागून एका म्हातारीचा खणखणीत आवाज आला.

"अरे भैया, हमाई तो बाईं आँख खराब है! हम कब से कै रए!"

"अम्मा, बस में बैठो. कंप्यूटर में दाईं लिखी है," मनोहरभाऊ म्हणाले, आणि मला, "टोकन सात, राइट, साडेबावीस. ही फूलमती अम्मा, दीदी. सकाळपासून डोकं खाऊन राहिली."

माझा पेन थांबला. अम्मा डावा म्हणत होत्या, कागदावर उजवा.

"मनोहरभाऊ, पडद्यावर कसली गडबड आहे?"

"काही नाही, अक्षरांच्या जागी रेघा येऊन राहिल्या. आडव्या, उभ्या, कोपरे. जसा काही घराचा नकाशा. प्रॉम्प्ट तर ओळखूच येत नाही."

"आणि आकडे?"

"आकडे एकदम शुद्ध. नावाचं पहिलं मोठं अक्षरपण दिसतं. बाकी रेघा. पण टोकन नंबर आहे ना, त्यावरून पेशंट समजतो."

"मग लेफ्ट-राइट कसं वाचलं?"

इथे त्यांच्या आवाजात अभिमान आला. "तेच तर मी डोकं लावलं! यादीत डाव्याला छोटा एल आहे अन् उजव्याला छोटा आर. आता पडद्यावर काही जागी कोपरा येते. वरून आडवी, मग खाली उभी. म्हणजे डिट्टो छोटा आर! तो राइट. अन् काही जागी नुसती आडवी रेघ. तो म्हणजे एल. बिचारा आडवा पडला आहे."

मी खुर्चीतून उठले. मला हसावं की ओरडावं कळेना, म्हणून मी ओरडले. "बस थांबवा! मनोहरभाऊ, पळा, बस थांबवा!"

"काहून?"

"आधी पळा!"

फोन टेबलावर आपटल्याचा आवाज, मग चपलांचा, मग लांबून "ओ ड्रायवर साब! रोको! रोको!"

ते पळत होते तेवढ्यात तुम्हाला सांगते. कंप्यूटरला अक्षरं कळत नाहीत. त्याच्यासाठी प्रत्येक अक्षर म्हणजे एक आकडा. पडदा तो आकडा बघून त्या आकड्याचं चित्र काढतो. पडद्याकडे चित्रांचे दोन संच असतात. एक नेहमीच्या अक्षरांचा. दुसरा जुन्या काळचा, पडद्यावर चौकटी आखण्यासाठी, त्यात छोट्या अक्षरांच्या जागी रेघा आणि कोपरे. मोठी अक्षरं आणि आकडे दोन्हीत सारखेच. एक गुप्त खूण मिळाली की पडदा पहिला संच बाजूला ठेवून दुसरा घेतो. यादी आत जशीच्या तशी असते. फक्त दिसते भलतीच. आणि या दुसऱ्या संचात, बरं का, एलच्या जागी येतो कोपरा. आरच्या जागी येते आडवी रेघ.

म्हणजे मनोहरभाऊंनी अगदी बुद्धी चालवून, पूर्ण विचार करून, बावीसच्या बावीस डोळे उलटे केले होते.

आता अकरा वाजता ऑपरेशनं सुरू होणार. बहुतेक म्हाताऱ्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डाव्या डोळ्याच्या मापाचं भिंग उजव्यात गेलं असतं तर जन्मभराचं धूसर. आणि टेबलावर डॉक्टरांना शंका आली असती तर आमचा नियम होता, पट्टीचा घोळ झाला तर त्या दिवशी ऑपरेशन नाही. परत पाठवलेली म्हातारी माणसं पुन्हा फिरकत नाहीत. शेतीची कामं निघतात, मुलगा सोबत यायला नाही म्हणतो, आणि माणूस "आता किती दिवस राहिले" म्हणत अंधारात बसून राहतो. हे मी सव्वीस वर्षांत कितीदा पाहिलं.

मनोहरभाऊ धापा टाकत फोनवर आले. "थांबली. गेटबाहेर निघाली होती. आता सांगा, काय झालं?"

मी एल आणि आरची गोष्ट सांगितली.

"दीदी," ते अगदी बारीक आवाजात म्हणाले, "मग अम्मा बरोबर होती?"

"अम्मा बरोबर होती. आता रडायचं नाही, आपण पडदा नीट करू. त्यासाठी एकच शब्द लिहायचा आहे, रिसेट. आधी कंट्रोल दाबून धरा आणि सी दाबा. दाबलं? आता लिहा, आर, ई, एस, ई, टी. जे लिहाल ते वाचता येणार नाही, पण कंप्यूटरला बरोबर कळतं."

"म्हणजे डोळे झाकून लिहायचं?"

"उघडे ठेवा, पण विश्वास ठेवू नका."

ते काय बघत आहेत ते मलाही दिसावं म्हणून मी एक युक्ती केली. एक आज्ञा देऊन माझा स्वतःचा पडदाही मुद्दाम तसाच बिघडवला. आता माझ्याही समोर कोपरे आणि रेघा. रिसेट लिहिल्यावर काय उमटतं ते मी बघून घेतलं: रेघ, मग दोन इवली अक्षरं, आणखी खाली रेघ, पुन्हा तीच इवली अक्षरं, शेवटी कुशीवर झोपलेला टी.

नेमक्या त्याच क्षणी डॉक्टर पाठक मॅडम यादी मागायला आत आल्या. त्यांनी माझ्या पडद्याकडे पाहिलं, माझ्या हातातल्या फोनकडे पाहिलं.

"सिहोरा का भी खराब है?"

"हाँ मैडम."

"और यहाँ का भी?" त्या दोन पावलं मागे सरल्या. "फैल रहा है क्या?"

"नहीं मैडम, ये मैंने किया है."

"आपने?" पाठक मॅडमनी मोतीबिंदूची हजारो ऑपरेशनं केली असतील, पण त्यांचा चेहरा इतका घाबरलेला मी कधी पाहिला नव्हता. त्यांना समजावायला वेळ नव्हता. मी हातानेच "बसा" म्हटलं. त्या बसल्या.

"दीदी, लिहिलं," मनोहरभाऊ म्हणाले. "एंटर मारला. काहीच नाही झालं."

"काय उमटलं सांगा."

"रेघ. इवली अक्षरं. मग दुसरीच इवली अक्षरं…"

"तिसऱ्या जागी खाली रेघ नाही?"

"नाही."

"भाऊ, तुम्ही एस लिहिलं की सी?"

"सी. रिसेट, रिसीट, सीच असते ना?"

"एस! एस फॉर सिहोरा!"

पुन्हा टकटक सुरू झाली. मग एकदम आनंदाचा चीत्कार. "दीदी! झालं! आता तर साफ दिसून राहिलं! आर, ई, एस, ई, टी! चकाचक!"

"साफ दिसतंय?"

"एकदम साफ!"

"मग चुकलं."

"काहून चुकलं? आता तर दिसते!"

"म्हणूनच चुकलं! मोठी अक्षरं दिसतात, छोटी दिसत नाहीत. तुमचं कॅप्स लॉक दाबलं गेलंय. दिसलं की चूक, नाही दिसलं की बरोबर!"

मग मॅडमनी मराठी न कळताही तोंडावर हात धरला आणि त्यांचे खांदे हलायला लागले. मलाही राहवेना. फोनमधून मनोहरभाऊंचं हसू आलं, आधी खोकल्यासारखं, मग सुटलंच. ऑपरेशनला दोन-अडीच तास राहिले होते, बस रस्त्यात तिरकी उभी होती, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, आणि आम्ही तिघं डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होतो.

"चला," मी डोळे पुसत म्हणाले. "कॅप्स लॉक काढा. पुन्हा."

आर. ई. एस. ई. टी. मी एकेक अक्षर मोठ्याने म्हणत होते, मॅडमही माझ्याबरोबर म्हणायला लागल्या होत्या.

"एंटर."

मग मनोहरभाऊंचा आवाज, हलका, जपून. "दीदी, प्रॉम्प्ट आला. साधा. पहिल्यासारखा."

त्यांनी यादी पुन्हा उघडली. टोकन सात, फूलमती, एल, साडेबावीस. लेफ्ट. बाकीचे एकवीसही उलटे निघाले, एकही सुटला नव्हता. मी अख्खा कागद पुन्हा लिहून घेतला, मग त्यांनी तो परत माझ्याकडून वदवून घेतला.

"आता फक्त एक सांगा," मी म्हटलं. "वरचा बाण दाबत चला आणि काय येतं ते वाचा." लिनक्सच्या प्रॉम्प्टवर वरचा बाण दाबला की तुम्ही आधी दिलेल्या आज्ञा एकेक करून मागे मागे दिसतात. गुन्हेगाराचा जबाबच तो.

ते वाचायला लागले. "कॅट, यादी. रिसेट. मोठा रिसेट. सीवाला रिसेट. कॅट, यादी. कॅट…" इथे ते थांबले.

"कॅट काय, भाऊ?"

"कॅट, शिबिराचा फोटो." मोठा उसासा. "दीदी, शिबिरात मले हार घातला होता ना, तो फोटो कुणीतरी यात टाकून दिला होता. म्हटलं पाहावं. तुम्हीच म्हणाल्या होत्या, कुठलीही फाईल, मांजर आणून ठेवते. तिनं आणला तर खरं, पण असा…"

फोटोची फाईल म्हणजे निव्वळ आकड्यांचा ढीग. तो अक्षरं समजून पडद्यावर ओतला की त्यात कुठेतरी ती गुप्त खूण निघतेच. हे मला पहिल्या वर्षापासून माहीत होतं. सांगायचं राहिलं, कारण मांजराची उपमा मला फार आवडली होती.

मनोहरभाऊ यादी हाताने कागदावर उतरवून बसकडे गेले आणि पाच मिनिटांत परत फोनवर आले. आवाज रडवेला होता की हसरा, सांगता येत नव्हतं. फूलमती अम्मांनी त्यांची वाट पाहिली नव्हती. बस थांबल्याबरोबर अम्मांनी आपली पट्टी उपटून डावीकडे लावली आणि उभं राहून सगळ्यांना हुकूम सोडला की ज्याची जी आँख खराब, त्याने तिथे लावा. बावीसमधल्या एकोणीस जणांनी पट्ट्या बदलल्या होत्या आणि एकोणीसही यादीप्रमाणे बरोबर होत्या. दोघांना गाढ झोप लागली होती. एका आजोबांनी कुठूनतरी दुसरी पट्टी मिळवून दोन्ही भुवयांवर लावली होती. "दोनों कर दो, आए तो हैं ही," असं त्यांचं म्हणणं.

मनोहरभाऊंनी मग काय केलं ते त्यांनी मला नंतर सांगितलं. खिशातून टॉर्च काढला, बसच्या मधल्या वाटेत गुडघे टेकले आणि एकेकाच्या डोळ्यात पाहत पुढे गेले. आधी पेशंटला विचारायचं, मग टॉर्चने पाहायचं, मग कागदाशी ताडायचं. "बत्तीस वर्षांपासून मी डोळे पाहून राहिलो, दीदी. त्या सकाळी मी एकाही डोळ्यात पाहिलं नाही. पडद्यात पाहिलं." हे सांगताना ते हसत नव्हते.

त्यांना ते कुणी शिकवलं होतं ते मला पक्कं माहीत होतं.

मनोहरभाऊ बसबरोबर जबलपूरला आले आणि सगळी ऑपरेशनं त्याच दिवशी झाली. संध्याकाळी पाठक मॅडमनी आम्हा दोघांना बोलावून विचारलं, गलती किसकी थी? मी "मेरी" म्हटलं आणि मनोहरभाऊंनीही "मेरी" म्हटलं, एकाच वेळी. मग आमचं तिथेच जुंपलं. मी म्हणाले, शिकवलं मी, वही बंद केली मी. ते म्हणाले, फोटो पाहिला मी, अम्माचं ऐकलं नाही मी. मॅडमनी दोघांना हाकलून दिलं. दुसऱ्या दिवसापासून कागदाची वही पुन्हा सुरू झाली. ती मी स्वतः विकत आणली, चांगली जाड पुठ्ठ्याची.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी डोळ्यांवरची बँडेजं सोडली. बावीस जणांना काळे चष्मे मिळाले. बस सिहोऱ्याला निघणार, तेवढ्यात फूलमती अम्मा पायरीवर अडून बसल्या. जबलपूरला येऊन नर्मदा मैया न बघता जायचं? ग्वारीघाट उलट्या दिशेला आहे, हे त्यांना पटेना. मॅडम म्हणाल्या, जा, पण एकाचाही हात पाण्याला लागला तर माझ्याशी गाठ आहे. मीही बसमध्ये चढले.

भर दुपारी ग्वारीघाटावर बावीस काळे चष्मे एका रांगेत उभे राहिले. फुलवाल्या बायका फुलांचे द्रोण घेऊन धावत आल्या आणि मध्येच थबकल्या. घाटावर पूजा सांगणाऱ्या एका पंड्याने शूटिंग कधी सुरू होणार म्हणून विचारलं. मनोहरभाऊ पाण्याच्या कडेला दोन्ही हात पसरून उभे होते. "दूर से! दूर से! आँख में छींटा नहीं जाना चाहिए!" आणि रांगेतून "नर्मदे हर"चा असा गजर उठला की होड्यांवर बसलेले बगळे उडाले. दोन डोळ्यांसाठी हट्ट धरलेले आजोबा कुणालातरी उडणारे बगळे मोजून दाखवत होते.

अम्मा सगळ्यांत पुढे. हातात काठी, चष्म्याखाली तोंड जरासं उघडं. एका नावाड्याने त्यांच्यासमोर नाव लावली.

"अम्मा, उस पार ले चलें?"

अम्मांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही; नजर पलीकडच्या काठावर होती.

"रैन दे बेटा," त्या म्हणाल्या. "इतईं से दिखा रओ."